दोन सेकंदांची ढोलकी

चोर बाजारात, मटण स्ट्रीटवर, जुन्या तबकड्या अजून मिळतात. त्यातल्या एका लावणीतून ढोलकीचा तोडा उचलायचा, जेमतेम दोन सेकंदांचा, त्याचा लूप करायचा आणि त्यावर रॅप चढवायचा. संगणकावर हे पाच मिनिटांचं काम. परवानगीसाठी मात्र दोन दारं ठोठावावी लागतात.

पहिलं दार ध्वनिमुद्रणाचं, म्हणजे मास्टरचं. त्याची मालक बहुधा तबकडीच्या लेबलवर छापलेली कंपनी, किंवा पुढे तिचे हक्क ज्यांनी घेतले ते. दुसरं दार गाण्याचं. तोड्याबरोबर गायिकेची ओळ आली, तर चाल आणि शब्द ज्यांच्या हक्कात आहेत त्यांचीही लेखी परवानगी हवी. नुसता केरवा ताल कुणाच्या मालकीचा नाही, पण त्या तबकडीवर मुद्रित झालेला त्याचा आवाज आहे. ‘सात सेकंदांपर्यंत चालतं’ असं छातीठोकपणे सांगितलं जातं. कॉपीराइट कायद्यात असा आकडा कुठेही नाही.

मुदतीच्या हिशेबात हमखास चूक होते. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं चालतो. 1960 साली निघालेली तबकडी 1 जानेवारी 2021 ला मोकळी झाली. चाल आणि शब्दांचा हक्क मात्र संगीतकार-कवींच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. म्हणजे मास्टर मोकळं, तरी गाणं बांधलेलं. आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेकडून कार्यक्रमासाठी घेतलेला परवानाही इथे कामाचा नाही. त्यावर गाणं वाजवता येतं, मास्टर कापता येत नाही.

विनापरवानगी गाणं यूट्यूबवर गेलं आणि कंटेंट आयडी या त्याच्या गाणी ओळखणाऱ्या यंत्रणेने तुकडा ओळखला, तर दोन सेकंदांपायी अख्ख्या व्हिडिओचं उत्पन्न दावेदाराकडे वळू शकतं.

म्हणून ढोलकीवाल्याला स्टुडिओत बोलावून त्याच ठेक्यात नवा तोडा वाजवून घेणं अनेकदा सोपं आणि स्वस्त पडतं. अन्याय होतो तो इथे. सेशनचे पैसे हातावर ठेवले की विषय संपला, असं धरलं जातं. तो संपत नाही. कॉपीराइट कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीने वादकालाही व्यावसायिक वापरातून रॉयल्टीचा हक्क दिला आहे, सिनेमात वाजवायला लेखी संमती दिली असली तरीही. हा हक्क 50 वर्षांचा आहे. गायक-वादकांसाठी ही रॉयल्टी गोळा करणारी संस्था इसम्रा. वादकाने तिचं सभासद व्हायलाच हवं.

करारात मुदत आणि प्रदेश स्पष्ट लिहा. मुदत नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश नसेल तर फक्त भारत. परदेशातल्या स्ट्रीमिंगचा प्रश्न तिथेच अडकतो. वादकाचं नाव, वाद्य, तारीख, गाणं, मानधन आणि रॉयल्टीतला वाटा एका कागदावर उतरवून स्टुडिओतून निघण्याआधी दोघांच्या सह्या घ्या. नंतर मिक्सिंगला जाते ती फाईल, नाव ‘ढोलकी 1’. सहा महिन्यांनी ती कुणी वाजवली, हे त्या फाईलवरून सांगता येत नाही.