कौलांसारखी जमीन

नमस्कार, श्रोतेहो. कौलारू छपराकडे पाहिलंत तर प्रत्येक कौलाची एक कड तेवढी दिसते, बाकीचं कौल वरच्या कौलाखाली दडलेलं असतं. इंग्लंडची बरीचशी जमीन अशीच रचलेली आहे. पश्चिमेला जुने थर, आणि पूर्वेकडे जाल तसा एकेक नवा थर त्यावर चढत जातो. उतार अगदी हलका. समजा, थर चाळीसास एक या प्रमाणात कलला असेल, तर सपाट जमिनीवर त्याच्या उघड्या कडेपासून कलत्या दिशेला ४०० मीटर चाललं की तो पायाखाली १० मीटर खोल गेलेला असतो.

हा हिशेब देशभर मांडला विल्यम स्मिथनं. जन्म १७६९, लोहाराचा मुलगा, धंदा जमीन मोजणीचा. १७९३ पासून सॉमरसेटमधल्या कोळसा कालव्याची मोजणी त्याच्याकडे होती. कालव्याचे दोन फाटे शेजारशेजारच्या खोऱ्यांतून खणले जात होते आणि दोन्हीकडे थरांचा क्रम तोच निघाला. कालवा खणणाऱ्याला थर ओळखावेच लागतात, कारण चिकणमातीत पाणी टिकतं आणि भेगाळ चुनखडकात ते झिरपून जातं.

पण नुसत्या दगडावरून ओळख पटवणं फसवं. बाथ शहराच्या आसपास पिवळसर चुनखडकाचे दोन थर आहेत, दोन्ही माशाच्या गाभोळीसारखे बारीक गोल दाण्यांचे. सुटा तुकडा हातात दिला तर वरचा कुठला नि खालचा कुठला, जाणकारही अडखळेल. स्मिथनं त्यांतले शिंपले आणि शंख पाहिले, तेव्हा प्रत्येक थराचे जीवाश्म वेगळे निघाले. १७९९ मध्ये त्यानं बाथमध्ये दोन पाद्री मित्रांना खडूच्या खडकापासून कोळशापर्यंत २३ थरांची यादी तोंडी सांगून उतरवून दिली.

इथे एक पथ्य मात्र कडक आहे. जीवाश्म थरातूनच काढलेला हवा. कड्याखालच्या ढिगाऱ्यातला किंवा नदीच्या गोट्यांतला चालत नाही. कडा झिजून गुळगुळीत झाल्या असतील तर तो दुसऱ्याच, जुन्या थरातून वाहत आलेला असतो. असा एक नमुना पिशवीत पडला की थराची जागा चुकते, आणि ती चूक नकाशावर मैलोन्‌मैल पसरते. कोळशाचंही तसंच. काळसर चिकणमाती दिसली की लोक कोळशाच्या आशेनं विहिरी खणत. ती माती कोळशाच्या कितीतरी वरची आहे, हे जीवाश्म फुकटात सांगत होते.

त्याचा मोठा नकाशा १८१५ मध्ये निघाला. १५ तुकडे जोडून साडेआठ फूट उंच, सहा फूट रुंद. एका इंचाला पाच मैल. रेषा तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या, रंग मात्र हातानं भरलेले. मला त्यातली सर्वांत हुशारीची गोष्ट वाटते ती रंगाची चढउतार. थराच्या तळाच्या कडेला रंग गडद, आणि थराच्या माथ्याकडे जाताना तो फिकट होत जातो. त्यामुळे कुठला थर कुणावर बसलाय, हे न वाचताही कळतं. खडूचा खडक पांढरा, पण नकाशात तो हिरवा!

पुढे बाथजवळच्या खाणीतला दगड अपेक्षेपेक्षा हलक्या प्रतीचा निघाला, कर्ज वाढलं आणि १८१९ मध्ये या थरांच्या जाणकाराला कर्जदारांच्या तुरुंगात जावं लागलं. १८३१ मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेनं पहिलं वोलॅस्टन पदक त्यालाच दिलं.

हीच युक्ती सह्याद्रीत चालवायची म्हटली तर अडते. आपला काळा पाषाण लाव्ह्याचा, त्यात शिंपले कुठले? लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये तळ्यांचा गाळ सापडतो, नागपूरजवळच्या टाकळीसारखा, तिथे गोड्या पाण्यातल्या गोगलगायी मिळतात. पण असा गाळ सलग नसतो. तांबड्या मातीचे पट्टे घाटात ठळक दिसतात, पण ते अनेक उंचीवर पुन्हा पुन्हा येत असल्यानं एकट्या त्यांच्या भरवशावर राहता येत नाही. म्हणून इथे खडकातच खूण शोधावी लागते: काही थरांमध्ये फेल्डस्पार या खनिजाचे बोटाएवढे लांब, फिकट स्फटिक असतात. असे थर दूरवर माग काढता येण्याजोगे असतात आणि त्यांना मंचर, गिरवली, कशेळे अशी गावांचीच नावं आहेत.