घरातला पोस्टमन

नमस्कार श्रोतेहो. कपाशीच्या वेचणीत असाल तर हात चालू ठेवा, कान तेवढा इकडे द्या.

अमळनेर तालुक्यातलं एक कुटुंब माझ्याकडे आलं, नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन. रोज सकाळी पोटदुखी. सोनोग्राफी, रक्त, सगळं ठीक. मी त्याला विचारलं, "घरात तू काय काम करतोस रे?" तो म्हणाला, "मी पोस्टमन शे."

आजी आणि आई आठ महिने बोलत नव्हत्या. कारण भरताचं. सुनेनं वांगी गॅसवर भाजली. (माझं मत विचाराल तर भरीत पऱ्हाट्यांवरच भाजावं, पण म्हणून आठ महिने अबोला?) चुलीजवळून आजी म्हणे, "तुनी मायले सांग, दूध उतू चालनं." दोन हातांवरून आई म्हणे, "तुनी आजीले सांग, माले दिखस." आणि दूध खरंच उतू जाई.

मरे बोवेन नावाचे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ याला त्रिकोण म्हणत. दोघांमधला ताण असह्य झाला की तिसरा ओढला जातो. पुन्हा सांगते: भांडण दोघांचं, पोट दुखतं तिसऱ्याचं.

मी पोस्टमनला सुट्टी दिली. रोज दहा मिनिटं दोघींनी समोरासमोर बसायचं, वाक्य 'तू' ऐवजी 'मला'नं सुरू करायचं. पहिला आठवडा नुसत्या शेंगा फोडल्या. मग एक दिवस आजी म्हणाली, "माले वाटनं, आते मनं घरमा काही काम नही." सून रडली. मग दोघी कडाकडा भांडल्या, पण थेट! मुलाचा बाप मात्र चौथ्या भेटीला उगवला. आमच्याकडचे पुरुष डॉक्टरकडे गाडी चालवत येतात आणि बाहेर चहाच्या टपरीवर थांबतात, हे काही मला पटत नाही.

पोटदुखी लगेच गेली नाही. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, कमी कमी होत गेली.

ही झाली कुटुंबोपचाराची गोष्ट. विचार तपासून पाहणारी पद्धत वेगळी. ती ॲरन बेक या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी 1960च्या दशकात मांडली. नात्यांवर काम करणारी आणखी एक उपचारपद्धत आहे, इंटरपर्सनल थेरपी, साधारण 12 ते 16 भेटींची. शोक, नात्यातला वाद, लग्न किंवा निवृत्तीसारखा बदल, एकटेपणा, यांतलं एक धरून चालते. वेळ संपत आली, तिच्याबद्दल पुढच्या वेळी.

तोवर कुणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारची टेली-मानस सेवा आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतही. नंबर लिहून घ्या: 14416. परत सांगते, एक चार चार एक सहा.