साल वाढवलं, पण काम कोणतं?

श्रोतेहो, नमस्कार.

आखाजी आठ दिवसांवर आली की आमच्या घरी एकच विषय असायचा, सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा गडी. खान्देशातल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. अक्षय तृतीयेला सालदाराचं वर्ष संपतं आणि त्याच दिवशी नवं सुरू होतं. कोण राहणार, कोण दुसऱ्याच्या मळ्यात जाणार, साल म्हणजे वर्षाचा पगार किती, उचल किती, धान्य किती, हे सगळं ओट्यावर बसून ठरतं. वडील भुसावळला रेल्वेत, शेत रावेर तालुक्यात आणि शेतात केळी. म्हणजे मळ्याचा सगळा भार सालदारावर.

आमच्याकडे जे काका सालदार होते, ते अकरा वर्षं राहिले. शेवटच्या दोन-तीन आखाजींना त्यांचे गुडघे दुखायला लागले होते. चढउतार जमेना, नांगरामागे चालणं जमेना. तरी वडिलांनी त्यांचं साल वाढवून दिलं. शेजारचे आप्पा ओट्यावरच बोलले, "अरे भाऊ, त्याले एवढा पैसा कायले देतो?" वडील म्हणाले, "नांगर-वखर आता तरणा पोऱ्या पाहील. हे बाग पाहतील. केळीच्या बुडाशी फुटलेलं कोणतं पिल ठेवायचं, कोणतं कापायचं, पाणी कुठं कमी पडतंय, घड कधी उतरवायचा, ते त्यांच्याइतकं कोणाला कळतं?" पैसे वाढवले आणि काम बदललं, दोन्ही एकाच बैठकीत.

मी आयुष्यभर फुटबॉल खेळलो, आता संध्याकाळी भुसावळात मुलांना शिकवतो. एखाद्या व्यावसायिक खेळाडूचा करार वाढवला, इतके पैसे दिले, ते वसूल होणार का, हा वाद आमच्या मैदानाच्या कट्ट्यावर कायम रंगतो. तो ऐकताना मला दरवेळी तो ओटा आठवतो. कारण सगळे रकमेवर भांडतात, वर्षांवर भांडतात, आणि त्या वर्षांत तो माणूस काय काम करणार हे कोणी विचारतच नाही.

इंग्लंडमधल्या लिव्हरपूल क्लबच्या मोहम्मद सलाहचं उदाहरण घ्या. एप्रिल 2025 मध्ये क्लबनं त्याचा करार 2027 पर्यंत वाढवला. तेव्हा तो 32 वर्षांचा होता. पगार आठवड्याला 4 लाख पौंडांच्या आसपास असल्याच्या बातम्या होत्या, म्हणजे आपले साडेचार कोटी रुपये, एका आठवड्याचे. पण त्या हंगामात त्यानं प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सर्वांत वरच्या स्पर्धेत, 29 गोल केले, 18 गोलांना पास दिले आणि लिव्हरपूल विजेता ठरला. सही झाली तेव्हा आमच्या कट्ट्यावर एकानंही नाक मुरडलं नाही. मीही नाही.

मग पुढचा हंगाम आला. नोव्हेंबरअखेर आणि डिसेंबर 2025 च्या सुरुवातीला सलग तीन लीग सामन्यांत सलाहला पहिल्या अकरा जणांत जागा मिळाली नाही. त्यावर तो उघडपणे बोलला, वाद झाला. लगेच कट्ट्यावर निकाल लागला, "पैसे वाया गेले, म्हातारा झाला." मला हा निकाल मान्य नाही. एका उन्हाळ्यात पाय इतके म्हातारे होत नाहीत. बदललं ते त्याच्या भोवतीचं. उजव्या बाजूनं वर्षानुवर्षं त्याला चेंडू पुरवणारा ट्रेंट अलेक्झांडर-आर्नल्ड रिअल माद्रिदला गेला. विर्ट्झ, एकिटिके, इसाक असे मोठ्या रकमांचे नवे आक्रमक आले. आक्रमणाची सगळी घडी नव्यानं बसवायची ठरली. सलाहचा करार मात्र जुन्या घडीतल्या कामाच्या हिशेबानं झाला होता. त्या नव्या घडीत त्याचं काम काय, हे एप्रिलमध्येच त्याच्यासमोर बसून ठरायला हवं होतं.

आता कोणी विचारेल, एवढी जोखीम असताना क्लब करार वाढवतातच का? जाऊ द्यावं, दुसरा आणावा. त्याचं उत्तर बेल्जियममधल्या एका खेळाडूपाशी आहे. झां-मार्क बोसमन त्याचं नाव. 1990 मध्ये त्याचा आर. एफ. सी. लिएज या क्लबशी करार संपला, तरी क्लब त्याला मोबदल्याशिवाय फ्रान्समधल्या क्लबकडे जाऊ देईना. तो कोर्टात गेला. 15 डिसेंबर 1995 ला युरोपीय न्यायालयानं निकाल दिला, की करार संपलेला खेळाडू मोकळा आहे, नवा क्लब जुन्या क्लबला काही देणं लागत नाही. त्या माणसानं स्वतःची उमेदीची वर्षं कोर्टात घालवली आणि त्याचा फायदा पुढच्या पिढ्यांना झाला. त्याचं नाव फुटबॉल खेळणाऱ्या प्रत्येक मुलाला ठाऊक असावं असं मला वाटतं. आज करार संपायला सहा महिने उरले की खेळाडू दुसऱ्या क्लबशी पुढचा करार करू शकतो. पॅरिसच्या क्लबनं फ्रेंच खेळाडू किलियन एम्बापेला मोनाको क्लबकडून घेतलं तेव्हा किंमत ठरली होती 18 कोटी युरो. 2024 मध्ये करार संपला, तो रिअल माद्रिदला गेला आणि पॅरिसला त्याच्या बदल्यात एक युरोसुद्धा मिळाला नाही.

केळीवाल्यांना हा हिशेब चटकन उमजेल. पहिल्या बागेला रोपं, खड्डे, ठिबक, सगळा खर्च होऊन गेलेला असतो. बाग निघाली की प्रश्न उभा राहतो, त्याच झाडांच्या पिलांवर पुढचं पीक घ्यायचं, म्हणजे पिलबाग ठेवायची, की मोडून नवी लावायची? पिलबागेला रोपांचा खर्च नाही, ठिबक जागेवर आहे, जमीन ओळखीची आहे. करार वाढवणं म्हणजे पिलबाग ठेवणं. फक्त पगार द्यायचा आहे. नवा तितकाच चांगला खेळाडू आणायचा तर पगार द्यायचाच, वर दुसऱ्या क्लबला त्याची किंमत मोजायची, आणि तो आपल्या मातीत रुजेल याची खात्री नाही. म्हणून कागदावरचा आकडा बघून लगेच "महाग" म्हणू नये. पण पिलबागेतही कोणतं पिल ठेवलं, त्याला वेळेवर खत-पाणी दिलं का, यावरच घडाचं वजन ठरतं. नुसती ठेवली म्हणून ती पिकत नाही.

भीतीपोटी केलेल्या कराराचं उदाहरण म्हणजे इंग्लंडच्याच आर्सेनल क्लबचा मेसुट ओझिल. 2018 च्या जानेवारीत आर्सेनल कोंडीत सापडलं होतं. ओझिल आणि अलेक्सिस सांचेझ, दोघांचेही करार त्याच उन्हाळ्यात संपणार होते. सांचेझ मँचेस्टर युनायटेडला गेला. दुसरा तरी हातचा जाऊ नये म्हणून ओझिलला आठवड्याला साडेतीन लाख पौंड देऊन 2021 पर्यंत बांधल्याच्या बातम्या आल्या. त्याच एप्रिलमध्ये कोच आर्सेन वेंगर यांनी हंगामाअखेर क्लब सोडत असल्याचं जाहीर केलं. ओझिलच्या खेळाचा नेमका उपयोग करून घेणारा माणूसच गेला! पुढच्या कोचांना धावणारे, चेंडू परत हिसकावणारे मिडफिल्डर हवे होते. मार्च 2020 नंतर ओझिल आर्सेनलकडून एकही सामना खेळला नाही, आणि 2021 च्या जानेवारीत तो तुर्कस्तानात फेनरबाचेकडे गेला. लोक त्याला आळशी म्हणाले, पैसेखाऊ म्हणाले. मला त्याचं वाईट वाटतं. सालदाराला बोलावून घेतलं, साल ठरवलं आणि आखाजी उलटताच मळ्यात केळीऐवजी दुसरंच पीक लावलं, तर दोष सालदाराचा कसा?

उलट केविन डी ब्रॉयनं काय केलं पाहा. एप्रिल 2021 मध्ये मँचेस्टर सिटीशी करार वाढवताना तो एजंटशिवाय बसला. त्यानं आकडेशास्त्राच्या तज्ज्ञांकडून स्वतःच्या खेळाचा अभ्यास करून घेतला होता. संघाच्या आक्रमणात आपला वाटा किती, हे तो कागदावर घेऊन गेला. 2025 पर्यंत करार झाला. तेव्हा तो तिशीला टेकला होता. पुढे मांडीच्या दुखण्यानं त्याला बराच काळ बाहेर बसवलं. पण जानेवारी 2024 मध्ये न्यूकॅसलविरुद्ध सिटी 2-1 मागे असताना तो बदली म्हणून उतरला, त्यानं बरोबरी साधली आणि शेवटच्या मिनिटांत विजयी गोलाचा पास दिला. वीस-पंचवीस मिनिटांचं काम! दोन्ही बाजूंना ठाऊक होतं की हा माणूस कशासाठी ठेवलाय. कोचही तेच होते, ग्वार्डिओला.

आणि आपला सुनील छेत्री. 2013 पासून बेंगळुरू एफसीमध्ये. 2024-25 च्या आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीगच्या हंगामात तो चाळीस वर्षांचा होता आणि त्यानं 14 गोल केले. भारतीय खेळाडूंमध्ये सर्वाधिक. अनेक सामन्यांत तो सुरुवातीपासून खेळलाच नाही, उत्तरार्धात उतरला. दमलेल्या बचावफळीत मोकळी जागा कुठं होते, हे त्याला कळतं. चाळिशीतल्या माणसाला पगार देऊन ठेवणं वरवर वेडेपणा वाटेल, पण त्याचं काम बदललं होतं आणि ते त्यानं मनापासून स्वीकारलं होतं. आप्पांना तेव्हा जे पटलं नव्हतं ते हेच.

पण भारतातल्या कराराबद्दल बोलताना माझा जीव खालीवर होतो. आयएसएल चालवण्याचे हक्क ज्या 15 वर्षांच्या करारानं दिले होते, तो डिसेंबर 2025 मध्ये संपत होता, नवा झाला नव्हता, म्हणून जुलैत पुढचा हंगामच थांबवण्यात आला. ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीनं मुख्य संघाच्या खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार अनिश्चित काळासाठी थांबवत असल्याचं जाहीर केलं. छेत्रीचा क्लब, श्रोतेहो! दोन वर्षांचा, तीन वर्षांचा वाढीव करार हातात असलेली मुलं घरी बसून फोनकडे बघत होती. अशा वेळी वाढीव आकडा किती मोठा यापेक्षा तो महिन्याच्या महिन्याला हातात पडतो का, हे आधी पाहावं लागतं. फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेच्या नियमानुसार दोन महिन्यांचा पगार थकला, तर खेळाडू क्लबला लेखी कळवून 15 दिवसांची मुदत देऊ शकतो आणि तरीही पैसे आले नाहीत तर करार मोडून मोकळा होऊ शकतो. हा नियम 2018 पासून आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठल्याही गावातून पुण्या-मुंबईच्या क्लबात गेलेल्या मुलांच्या आईवडिलांनी तो लिहून ठेवावा. अशा कागदावर घाईनं केलेली एक सही मला स्वतःला फार महागात पडली होती, म्हणून कळकळीनं सांगतोय.

मागच्या महिन्यात आमच्याच मैदानावर तयार झालेला एक मुलगा सुट्टीला आला. एकोणीस वर्षांचा, डाव्या कडेनं आक्रमण करणारा विंगर, वाऱ्यासारखा धावतो. बाहेरच्या एका क्लबनं त्याला आणखी दोन वर्षं ठेवायची तयारी दाखवली आहे, पगारही बराच वाढवलाय. कागद माझ्या हातात देऊन म्हणाला, "सर, पैसे बरे आहेत ना?" पैसे बरे होते. त्याच्या वडिलांना वर्षभराच्या कापसातूनही तेवढे मिळत नसतील. मी त्याला विचारलं, "पुढच्या वर्षी तुला खेळवणार कुठं?" त्याला माहीत नव्हतं. त्यानं ते विचारलंच नव्हतं. म्हटलं, कोचला फोन लाव, आत्ताच.

त्यानं तिथंच, गोलच्या खांबाला टेकून फोन लावला. बराच वेळ नुसतं "हो सर, हो सर" चाललं होतं. फोन ठेवून आला तेव्हा चेहरा जरा उतरला होता. कोच त्याला बचावफळीत डाव्या बाजूला खेळवू पाहतात. गोल करणं नाही, अडवणं. पण संघाला तिथं माणूस हवाय, तिथं त्याला दर आठवड्याला खेळायला मिळेल आणि ते स्वतः त्याला तयार करतील, असंही त्यांनी सांगितलं.

तेव्हापासून तो रोज पहाटे मैदानावर येतोय. मी त्याच्या अंगावर दोन-दोन पोरं सोडतो आणि तो त्यांना अडवायला शिकतोय. सही करायला अजून दहा दिवस आहेत. करायची की नाही, ते तो तोवर ठरवेल.

नमस्कार.