छपराखालची भिंत : ड्रोन, चुना आणि गावठाणाचा नकाशा

[दृश्य : पुरंदर तालुका. मल्हारगडाच्या पायथ्याचं सोनोरी गाव. पत्रे, कौलं, धाब्याची घरं.]

शेताला सातबारा असतो. गावठाणातल्या घराला नसतो. घर पणजोबांनी बांधलं, ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये, म्हणजे घरपट्टीच्या आकारणीच्या नोंदवहीत, नाव लागलं, घरपट्टी वर्षानुवर्षं भरली. तरी कर्जासाठी बँकेत गेलं की मालकीचा कागद कुठला दाखवायचा, इथे गाडी अडते.

याचं कारण जुनं आहे. इंग्रजी अमदानीत जमिनी मोजल्या गेल्या त्या सारा ठरवायला. पिकणारी जमीन सर्व्हे नंबरांत बसली. माणसं जिथे राहत होती तो भाग एका रेषेनं वेढून गावठाण म्हणून सोडून दिला. पुढे मोठ्या गावांना सिटी सर्व्हे लागला, लहान गावं मागेच राहिली. त्यात मोजणीचं हत्यार म्हणजे शंकू-साखळी. 33 फुटांची साखळी, तिचे 16 आणे. 33 फूट लांब, 33 फूट रुंद म्हणजे एक गुंठा. उघड्या रानात ती सरळ ताणता येते. दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं अंग चोरावं लागतं अशा बोळात ती कुठे ताणणार?

म्हणून ड्रोन. गावठाण हवेतून मोजण्याचा प्रायोगिक प्रकल्प महाराष्ट्रात या सोनोरी गावात झाला, भारतीय सर्वेक्षण विभाग आणि राज्याच्या भूमी अभिलेख विभागाच्या हातून. 24 एप्रिल 2020 रोजी, पंचायत राज दिनी, गावठाणातल्या घरांना मालकीचा कागद देणारी स्वामित्व योजना देशभरासाठी जाहीर झाली. जानेवारी 2025 पर्यंत 3 लाख 17 हजारांहून जास्त गावांवरून ड्रोन फिरून झाले होते.

[दृश्य : हातात चुन्याची पाटी. भिंतीच्या कडेनं पांढरी रेघ ओढली जातेय.]

पण ड्रोन उडण्याआधीचं काम बघा. ग्रामपंचायतीची माणसं आणि घरमालक मिळून मिळकतीच्या हद्दीवर चुना टाकतात. सगळ्या प्रकल्पाचा जीव या फक्कीत आहे, असं माझं मत आहे. कारण ड्रोनला वरून छप्पर दिसतं, भिंत दिसत नाही. आपल्याकडच्या घराचं छप्पर भिंतीच्या बाहेर फूट-दोन फूट येतं. वळचणीखालची ती पट्टी कुणाची, पागोळ्यांचं पाणी कुणाच्या अंगणात पडतं, यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणं चालत आली आहेत. कॅमेऱ्याला त्यातलं काही कळत नाही. चुन्याची रेघ मात्र कळते, पण तीही शेजाऱ्यासमोर ओढलेली असेल तरच उपयोगाची.

सरकारी मोजणीला कायद्याचं बळ असतं. ते खाजगी नकाशाला येत नाही. पण गटारं कुठून काढायची, दिवे कुठे लावायचे, कुठल्या आळीत पाणी तुंबतं, यासाठी ग्रामपंचायतीला स्वतःचा नकाशा लागतो. तो करायला आज परवान्याचं महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. 15 फेब्रुवारी 2021 च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय नागरिकांना आणि संस्थांना नकाशे करायला आधी परवानगी काढण्याची अटही उठवली. ड्रोन उडवण्याचे नियम वेगळे. ते 2021 च्या ऑगस्टमध्ये आले. डिजिटल स्काय या सरकारच्या ड्रोनसाठीच्या संकेतस्थळावरच्या नकाशात आपलं गाव हिरव्या पट्ट्यात असेल तर 400 फुटांपर्यंत, म्हणजे 120 मीटरपर्यंत, आभाळ मोकळं आहे. तो नकाशा न बघता ड्रोन पेटीबाहेर काढू नका.

[दृश्य : ड्रोन उडतो. पडद्यावर आकडेमोड.]

आता थोडं गणित. ‘एक इंची’ म्हणतात त्या सेन्सरचा, 20 मेगापिक्सेलचा कॅमेरा घेऊ. सेन्सरची रुंदी 13.2 मिलिमीटर, भिंगाची फोकल लांबी 8.8, फोटोची रुंदी 5472 पिक्सेल. 100 मीटर उंचीवरून एका पिक्सेलमध्ये जमिनीवरची साधारण पावणेतीन सेंटिमीटर जागा मावते. चुन्याची रेघ चार बोटं रुंद असली तर ती दोन-तीन पिक्सेलमध्ये येईल, म्हणजे जेमतेम दिसेल. वीतभर ओढली तर पडद्यावर नीट ओळखू येते. चुना टाकणाऱ्याला हे आधी सांगायचं असतं, आणि हमखास राहून जातं.

एका फोटोत 150 मीटर बाय 100 मीटर जागा येते. पण फोटो शेजारी शेजारी लावून नकाशा होत नाही. प्रत्येक फोटोनं आधीच्या फोटोवर 80 टक्के आणि शेजारच्या ओळीवर 70 टक्के चढायला हवं. म्हणजे दर 20 मीटरला एक फोटो आणि दोन ओळींत 45 मीटर अंतर. 10 हेक्टरच्या गावठाणाला, कडेची जागा धरून, दीडशेच्या आसपास फोटो. एवढं काम एक-दोन बॅटऱ्यांत उरकतं.

मात्र गाव डोंगराच्या पोटाशी असेल तर सावध. ड्रोन उंची मोजतो ती उडाला तिथपासून. वरची आळी 30 मीटर उंचावर असली तर तिथे ड्रोन जमिनीपासून 70 मीटरवरच असतो. फोटोत कमी जागा येते, शेजारच्या ओळीवर फोटो चढण्याचं प्रमाण 70 टक्क्यांवरून 57 वर घसरतं, आणि नकाशात नेमकी ती आळी फाटकी निघते. एकतर उड्डाण वरच्या आळीतून करा, पण खालच्या आळीवर 120 मीटरच्या वर जाणार नाही एवढीच उंची ठेवून, नाहीतर जमिनीच्या चढउताराप्रमाणे उंची बदलणारा आराखडा आखा.

[दृश्य : जमिनीवर फ्लेक्सचा चौकोन, मधोमध काळी फुली. त्यावर रोव्हरची, म्हणजे उपग्रहांवरून अचूक जागा मोजणाऱ्या यंत्राची, काठी.]

ड्रोनच्या साध्या जीपीएसमध्ये काही मीटरांची चूक सहज असते. बोळच दीड मीटरचा, तिथे ही चूक चालेल कशी? त्यावर उपाय जमिनीवरचे नियंत्रण बिंदू. दोन फुटांचा चौकोन, त्यावर फुली. जुने वाढदिवसाचे फ्लेक्स यासाठी उत्तम. उलटे करून रंगवायचे, गावात तुटवडा नसतो. गावाच्या चार कडांना चार, मध्ये एक-दोन, आणि सगळे एकाच पातळीवर नकोत. प्रत्येक फुलीचा मध्य रोव्हरनं सेंटिमीटरपर्यंत मोजायचा. शिवाय दोन-तीन फुल्या अशा ठेवायच्या की त्यांचे आकडे सॉफ्टवेअरला सांगायचेच नाहीत. नकाशा झाल्यावर त्या फुल्या नकाशावर कुठे येतात ते बघायचं. चूक किती, हे तिथे कळतं. सॉफ्टवेअर स्वतःच्या अहवालात स्वतःला किती गुण देतं यावर जाऊ नये.

हे आकडे एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये जातात. पहिल्या ओळीत प्रक्षेपणाचं, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडण्याच्या पद्धतीचं, नाव. पुण्यासाठी यूटीएम विभाग 43 उत्तर, म्हणजे ईपीएसजी या प्रक्षेपणांच्या यादीतला क्रमांक 32643. विभाग 43 आणि 44 यांची हद्द असलेली 78 अंश रेखांशाची रेषा मात्र विदर्भातून जाते. अमरावती 43 मध्ये, नागपूर, वर्धा, चंद्रपूर 44 मध्ये. नागपूरकडच्या माणसानं पुण्याची फाइल तशीच उचलली तर घोळ ठरलेला.

[दृश्य : लॅपटॉप. वेब-ओडीएमची खिडकी. टक्केवारी पुढे सरकतेय.]

फोटो आणि ही फाइल वेब-ओडीएमला द्यायची. ओपन-ड्रोन-मॅप या मुक्त प्रकल्पाचा हा ब्राउझरमध्ये चालणारा चेहरा. दीडशे फोटोंना 16 जीबी रॅमचा लॅपटॉप पुरतो, वेळ मात्र काही तास धरा. आत काय चालतं? देवळाच्या चौथऱ्याचा एक कोपरा सात-आठ फोटोंत वेगवेगळ्या कोनांतून आलेला असतो. असे हजारो ठिपके जुळवून कॅमेरा प्रत्येक वेळी कुठे होता हे सॉफ्टवेअर मागे जाऊन काढतं. त्यातून त्रिमितीतल्या ठिपक्यांचा ढग, त्यातून पृष्ठभागाच्या उंचीचा नकाशा, आणि शेवटी सरळ वरून पाहिल्यासारखा एकसंध ऑर्थोफोटो.

जुळवायला ठिपका स्थिर हवा. गावाला लागून ऊस असेल तर वाऱ्यानं पानं हलतात, दोन फोटोंतला ऊस एकसारखा राहत नाही आणि तिथे नकाशा चिखलासारखा लिबलिबीत दिसतो. नवा पत्रा दुपारी चकाकतो, तिथेही भोक पडतं. सावली कमी म्हणून भर दुपार निवडावी तर पत्रे त्रास देतात. पत्र्यांच्या गावात पातळ ढगाळलेला दिवस सगळ्यांत बरा.

उंचीबद्दल एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पहिल्यांदा आकडा बघून माणूस दचकतो. उपग्रहांवरून येणारी उंची पृथ्वीच्या गणिती आकारापासून मोजलेली असते, समुद्रसपाटीपासून नाही. पुण्याच्या परिसरात या दोन उंचींत साठ मीटरांहून जास्त फरक पडतो. गटाराचा उतार काढताना त्यानं बिघडत नाही, कारण तिथे दोन जागांमधला फरकच हवा असतो. पण पाटबंधारे खात्याच्या जुन्या आकड्यांशी ताळा घालणार असाल तर आधी दुरुस्ती करा.

[दृश्य : क्यूजीआयएस. ऑर्थोफोटोवर घरांच्या हद्दी एकेक करून आखल्या जातात.]

यापुढचं काम क्यूजीआयएसमध्ये. 2002 साली गॅरी शर्मन यांनी सुरू केलेलं नकाशे करण्याचं हे सॉफ्टवेअर आज जगभरातली माणसं मिळून वाढवतात, आणि ते फुकट आहे. हद्दी आखायला बसण्याआधी स्नॅपिंग, म्हणजे नवी रेषा आधीच्या रेषेला चिकटवणारी सोय, चालू करा. ते नसेल तर दोन शेजाऱ्यांच्या सामाईक भिंतीवर दोन रेषा पडतात. मध्ये केसाएवढी फट राहते, नाहीतर एकाचं घर दुसऱ्यात घुसतं. अशा फटी डोळ्यांना दिसत नाहीत. क्यूजीआयएसमधला टोपोलॉजी चेकर त्या शोधून लाल करतो.

माहिती शेपफाइल या जुन्या नकाशा-फाइलीत ठेवायची सवय सोडा. तिच्यात रकान्याच्या नावाला 10 बाइटच जागा असते आणि देवनागरीतलं एकेक चिन्ह 3 बाइट खातं. ‘मालमत्ता’ लिहायला गेलात तर ‘माल’ एवढंच उरतं. जिओपॅकेज या नव्या प्रकारच्या फाइलीत ही अडचण नाही. घर क्रमांक हा दुवा धरून नमुना 8 ची यादी नकाशाला जोडा, की घरावर टिचकी मारल्यावर आकारणी समोर येते. काही घरांना क्रमांक सापडत नाही, काही क्रमांकांना घर. ही यादी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांसोबत बसून बघण्यासारखी असते.

[दृश्य : मोबाइलवर तोच नकाशा. बोळातून चालत जाणारे दोघे. हातात टेप.]

आता परत गावात. क्यू-फील्ड हे ॲप तोच नकाशा मोबाइलवर उघडतं, रेंज नसली तरी. घरोघर जायचं. छपराच्या कडेवर आखलेली रेषा भिंतीपर्यंत किती आत घ्यायची ते टेपनं मोजायचं: इथे 45 सेंटिमीटर, पलीकडे 60. झाडाखाली गेलेला चुना, पडवी वाढवलेली, वाटणी झाली पण भिंत घातली नाही, हे सगळं पायी फिरूनच कळतं. सरकारी मोजणीतही या टप्प्याला फाटा नाही. जागेवरची पडताळणी आणि हरकती यानंतरच महाराष्ट्रात सनद, म्हणजे मालकीचा सरकारी कागद, हातात पडते.

[दृश्य : ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोठा छापील नकाशा. लोक बोटं ठेवून बघताहेत.]

शेवटचा टप्पा छपाईचा. 1:500 या प्रमाणात नकाशावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचा अर्धा मीटर. मोठ्या, ए-शून्य आकाराच्या कागदावर साधारण 400 बाय 550 मीटरचं गाव मावतं. त्याहून मोठ्या गावासाठी क्यूजीआयएसमधली ॲटलास ही सोय पानं पाडून देते. घर क्रमांक ठळक छापा, नावं छापू नका. नाव बघितलं की चर्चा हद्दीवरून माणसावर जाते. शेजारी हरकतींची वही टांगा आणि तिच्यात तीन रकाने आखा : घर क्रमांक, हरकत, आणि पुन्हा मोजायला कुठल्या दिवशी यायचं.