काळी गाठ, पांढरं पाणी

बडोद्यातलं दांडिया बाजार. काकूंची एमआरआयची फिल्म खिडकीच्या काचेला धरून घरातले सगळे बघताहेत. काकू साठीच्या पुढच्या. पोट फुगलं, निऱ्या नीट बसेनात, म्हणून सोनोग्राफी झाली. अंडाशयात नारळाएवढी भरीव गाठ, पोटात पाणी, थोडं छातीतही. अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये बहुधा वाढणारं रक्तातलं सीए-१२५ही वाढलेलं. शेजारच्या बेन म्हणाल्या, ‘मुंबई लई जाव’, म्हणजे मुंबईला न्या. घरच्यांनी मनात कॅन्सर ठरवूनच टाकलाय.

रेडिओलॉजिस्टची नजर मात्र एकाच गोष्टीवर अडलीय. गाठ काळी आहे.

एमआरआयमध्ये टी-वन, टी-टू अशी वेगवेगळ्या प्रकारची चित्रं घेतात. या फिल्ममधल्या टी-टू चित्रांत पाणी पांढरं दिसतं. पोटातलं पाणी बघा, लख्ख. कॅन्सरचा भरीव भाग सहसा मधल्या राखाडी छटेचा असतो. इतकी काळी दिसते ती दाट कोलॅजन तंतूंची गाठ, कारण तिच्यात मोकळं पाणी फारसं नसतंच. शिरेतून दिलेलं काँट्रास्टही ती सावकाश, थोडंसंच घेते. इतर गाठीही अशाच छटांवरून ओळखू येतात. डरमॉइड या अंडाशयाच्या गाठीतली चरबी, चरबी दाबणारं चित्र घेतलं की काळवंडते. मायक्रोस्कोपच्या स्लाइडवर तिथे त्वचा, केसांची मुळं, तेलग्रंथी सापडतात. चॉकलेट सिस्ट या रक्त साठलेल्या गाठीतलं जुनं, घट्ट झालेलं रक्त टी-वनमध्ये उजळ आणि टी-टूमध्ये मंद.

मग पाणी कशाचं? अशी तंतूंची गाठ म्हणजे फायब्रोमा. ही साधी, कॅन्सर नसलेली गाठसुद्धा कधीकधी पोटात नि छातीत पाणी करते. १९३७ साली अमेरिकेतल्या जो व्हिन्सेंट मीग्स यांनी अशा रुग्णांवर लिहिलं. गाठ काढली की पाणीही ओसरतं. सीए-१२५ तर पोटाच्या आतल्या आवरणाला त्रास झाला तरी वाढतं.

हे सगळं खरं, पण फिल्मवर शिक्का मारता येत नाही. सुई घालून तुकडा घ्यावा, तर गाठ कॅन्सरची निघाल्यास तिच्यातलं पोटात सांडण्याची भीती. म्हणून ती अख्खीच काढली. पॅथॉलॉजीच्या टेबलावर सुरी फिरली: आत घट्ट, पांढरट, भोवऱ्यासारख्या रेघा. मग फॉर्मलिन, मेण, काही मायक्रॉन जाडीचे काप, गुलाबी-निळा रंग. मायक्रोस्कोपखाली चातीच्या आकाराच्या पेशी आणि मध्ये कोलॅजनच कोलॅजन. फायब्रोमा.

शेजारच्या बादलीतली, दुसऱ्या रुग्णाची गाठ मात्र सोपी नाही. म्युसिनस, म्हणजे चिकट द्रवाच्या कप्प्याकप्प्यांची. एमआरआयमध्ये प्रत्येक कप्प्याची छटा वेगळी. अशा एकाच गाठीत साधा, कॅन्सरच्या सीमेवरचा आणि कॅन्सरचा भाग शेजारीशेजारी असू शकतो. त्यामुळे साधारण दर सेंटिमीटरला एक तुकडा घ्यायचा, संशय आला तर आणखी. मोठी गाठ असेल तर स्लाइडचा ट्रे भरतो. तिचा रिपोर्ट लांबला, तर लॅबला फोन करून भंडावू नका.