काळे कण आणि डेक्स्ट्रानचा थर

नाशिक, गंगापूर रोड. महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागात सकाळचं काम सुरू झालंय.

फ्लास्कमध्ये लोहाचे दोन क्षार विरघळवलेत: फेरिक दोन भाग, फेरस एक भाग. हवेतला ऑक्सिजन नको, म्हणून नळीतून नायट्रोजनचे बुडबुडे सोडलेत. आता ब्युरेटमधून अमोनिया, थेंब थेंब. आणि हे बघा, केशरट द्रावण डोळ्यांदेखत काळंकुट्ट झालं. हे मॅग्नेटाइट, म्हणजे लोहाचं चुंबकाला चिकटणारं ऑक्साइड. एकेक कण साधारण १० नॅनोमीटरचा.

वरून फिरणारा काचेचा पंखा पाहिलात? एरवी इथे चुंबकीय ढवळणी असते. पण हे कण तिच्या कांडीलाच चिकटून बसतात.

इथवर येणं सोपं. मेहनत पुढे आहे, आणि तिच्याबद्दल फारच कमी बोललं जातं.

डावीकडच्या कुपीतले कण उघडे आहेत. चुंबक लावला, की सगळा गाळ काचेला येऊन चिकटतो. चुंबक काढला, तरी गुठळ्या सुटत नाहीत. एमआरआय तपासणीसाठी हे कण रक्तात सोडायचे असतात, पण असे गुठळ्या धरणारे सोडता येत नाहीत.

उजवीकडच्या कुपीत अमोनियाच्या आधीच डेक्स्ट्रान मिसळलं होतं. डेक्स्ट्रान म्हणजे ग्लुकोजच्या रेणूंची लांबच लांब साखळी. साखर कारखान्यांना ते नकोसं असतं: तोडलेला ऊस गाळपाविना पडून राहिला, की जिवाणू त्यात डेक्स्ट्रान तयार करतात, रस चिकट होतो, उतारा घसरतो. इथे मात्र याच साखळ्या कणाला चहूबाजूंनी बिलगतात आणि शेजारच्या कणाला लांब ठेवतात. उरलेले क्षार निघून जावेत म्हणून ही डायलिसिसची पिशवी: तिच्या बारीक छिद्रांतून क्षार बाहेर जातात, कण आत राहतात. बाहेरचं पाणी पुन्हा पुन्हा बदलायचं, घाई करायची नाही.

आता तोच चुंबक या कुपीला. गाळ नाही, गुठळी नाही.

१९९६ साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं फेरुमॉक्साइड हे एमआरआयचं औषध याच जातीचं. यकृतातल्या भक्षक पेशी हे कण गिळतात, एमआरआयमध्ये निरोगी भाग काळा दिसतो. या पेशी नसलेली गाठ उजळ राहते. ते औषध पुढे बंद झालं. फेरुमॉक्सिटॉल २००९ साली मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या रक्तक्षयासाठी आलं, पण एमआरआयमध्ये नेहमी टोचतात ते गॅडोलिनियम चालत नाही तिथे डॉक्टर एमआरआयसाठीही ते वापरतात.

ही कुपी मात्र रुग्णापर्यंत जाणार नाही. निर्जंतुकीकरण, विषारीपणाच्या चाचण्या हे टप्पे वेगळे. पुढच्या वेळी डेक्स्ट्रान निम्मं घालायचं आणि गुठळ्या कधी धरू लागतात ते पाहायचं, असं इथं ठरलंय.