पायाचं माप

(दृश्य: जळगाव एमआयडीसी. सकाळचे पावणेसात. गेटसमोर चहाची टपरी.)

रात्रपाळी सुटतेय. या भागात डाळ मिल आहेत, पाइपचे कारखाने आहेत आणि प्लॅस्टिकच्या चटया विणणारे लूम. आपण आलोय ते एका चटई कारखान्यात.

दोन वर्षांपूर्वी इथल्या नोटीस बोर्डावर मदतनिधीची यादी लागली. वर साहेबांचे ५,००० रुपये, तळाशी हेल्परचे २०. वर्गणीची आपली जुनीच रीत; गावात भंडाऱ्याची यादी तर भोंग्यावरून वाचतात. पण गावात २० देणारा भाऊबंदच असतो. इथं त्याची हजेरी वरच्या नावाच्या हातात. पैसे जमले खरे, पण पुढच्या वर्षी डबा फिरायला लागला की लोकांना नेमकी तेव्हाच तहान लागायची.

(दृश्य: कँटीन. टेबलावर बंद पाकिटांचा ढीग.)

यंदा यादी नाही. प्रत्येकाला एक पाकीट. द्यायचं तर पैसे घाला, नाहीतर रिकामंच चिकटवा. पेटीत पडल्यावर कुणाचं कोणतं, कळत नाही. सुपरवायझरनं मागायचं नाही, हा पहिला नियम. मागणारे तिघं कामगारांतलेच, त्यात ठेकेदाराकडच्या एक ताई. पगारातून कापायचे असतील तर आधी संमतीपत्रावर सही, आणि कधीही थांबवायची मुभा.

कंपनीचा सीएसआर यात मिसळलेला नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यानं ठरावीक मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. ते कंपनीचे पैसे, हे घामाचे. दोन्ही एकाच बॅनरखाली उभे राहिले की घामाच्या पैशांचा हिशेब कुणी विचारत नाही.

पावतीही करसवलतीशी मिसळायची नाही. २,००० रुपयांवर रोख देणगी दिली तर आयकरात सवलत मिळत नाही, नव्या करप्रणालीत तर ती नाहीच. हेल्परला त्याचं काय! त्याला पावती हवी असते, घरी दाखवायला.

(दृश्य: सातपुड्याचा पायथा. आश्रमशाळा.)

थंडी जवळ आली म्हणून ब्लँकेटं द्यायची असं ठरलं होतं. तिघं आधी शाळेत जाऊन आले. अधीक्षक बाईंनी पेटी उघडून दाखवली: मागच्या हिवाळ्यातली ब्लँकेटं, अजून घडीसुद्धा मोडलेली नाही. "चपला द्या," त्या म्हणाल्या.

मग वर्गातच जुने पेपर अंथरले. पोरं एकेक करून पाय ठेवत होती, ताई पेन्सिल फिरवत होत्या. बोटांच्या बेचक्यात पेन्सिल गेली की गुदगुल्या, आणि पाय हलला की पुन्हा नवा कागद. कडेला नाव, इयत्ता.

(दृश्य: कँटीनची भिंत.)

यादीच्या जागी आता हे पाय आहेत. एक लूम ऑपरेटर वितीनं मोजतो नि म्हणतो, "हाऊ पाय ते मन्हा पोऱ्याना इतला शे." त्यानं पाकिटात किती घातले, आपल्याला माहीत नाही.

खरेदी फुले मार्केटात झाली. दुकानदारानं भाव कमी केला, शिवाय न बसलेली जोडी बदलून द्यायचंही कबूल केलं. टेम्पोत खोकी चढतायत. एका कागदावर पाय आहे, नाव लिहायचं राहून गेलंय. त्या मापाची जोडी ताईंनी आपल्या पिशवीत वेगळी ठेवलीय. शाळेत गेल्यावर आधी तो पाय शोधायचा.